माळकरी वडिलांचं बायपासनंतरचं जेवण: अंड्यावाचून अडत नाही, प्रथिनांवाचून अडतं

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 56 वर्षांचे, राहणार धायरी. उंची पाच फूट सहा इंच, पंधरा वर्षांचा मधुमेह. कार्तिकात वजन कमी करण्यासाठी रू-एन-वाय बायपास (हृदयाची नव्हे; जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात ती) झाली, आता सहा आठवडे होत आलेत. वडील माळकरी असल्यामुळे घरात अंडं येत नाही. डिस्चार्जच्या वेळी सांगितलं गेलं, "निदान अंडी तरी सुरू करा, नाहीतर प्रोटीन भागणार नाही." आई दोन्ही वेळा मऊ वरण-भात कालवून देते. धाकटा भाऊ व्हीगन झालाय, तो म्हणतो दूध-दही बंद करा, बदामाचं दूध द्या. आणि वडील फक्त दोनच गोष्टी विचारतात: एकादशी धरता येईल का, आणि आषाढीला चालत जाता येईल का?

ताई, आधी वडिलांना एवढं सांगा की माळ उतरवायची काही गरज नाही. मी पुण्यात या शस्त्रक्रियांच्या आधी आणि नंतर आहाराचं काम बरीच वर्षं करते आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत शाकाहारी मंडळी भरपूर असतात. जैन आहेत, माळकरी आहेत, कांदा-लसूणसुद्धा न खाणारी घरं आहेत. नीट खाणारी, वेळेवर गोळ्या घेणारी माणसं छान राहतात. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढी सोयाबीनच्या बारा ग्रॅम वडीत मिळतात. तेव्हा अंड्यावरून घरात वाद नको.

पण त्याच दमात दुसरी गोष्ट सांगते. वडिलांनी आजवर जो शाकाहार केला, तो आता पुरणार नाही. आपल्या घरातलं नेहमीचं ताट आठवा: पोळ्या, भाजी, पळीभर वरण, भात, लोणचं. यात प्रथिनं कुठून येत होती? बहुतेकांना वाटतं वरणातून. खरं तर बराच मोठा वाटा पोळीचा होता. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण तीन ग्रॅम प्रथिनं असतात. दिवसाला सात-आठ पोळ्या खाणाऱ्या माणसाला न कळत वीस-पंचवीस ग्रॅम त्यातूनच मिळत. शिवाय भात, शिवाय चहातलं दूध. म्हणजे थोडी थोडी प्रथिनं असलेले पदार्थ भरपूर खाऊन आपलं भागत होतं. बायपासनंतर जी जठराची पिशवी उरते, ती सुरुवातीला जेमतेम तीस मिलिलिटरची असते. सहा आठवड्यांनी वडील एका वेळी अर्धी वाटी खात असतील. त्या अर्ध्या वाटीत मऊ भात आणि वर पातळ वरण घातलं, तर त्यात प्रथिनं दोन ग्रॅमही धड जात नाहीत.

गरज मात्र कमी झालेली नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं, आणि उंचीप्रमाणे जे योग्य वजन असायला हवं त्याच्या किलोमागे 1.5 ग्रॅमपर्यंत, असा संकेत आहे. वडिलांची उंची पाहता मी 70 ग्रॅम धरते. डाळींमधली प्रथिनं दुधा-अंड्यांच्या मानाने जरा कमी पचतात, म्हणून शाकाहारी माणसाला 60 वर थांबवत नाही. ही गरज भागली नाही तर वजन उतरतं खरं, पण चरबीबरोबर स्नायूही जातात. वजनकाट्यावर आकडा छान दिसतो आणि माणूस जिना चढताना मांड्या धरतो. ज्यांना वारीत दिवे घाट चढायचा आहे, त्यांना हे नक्की पटेल.

आता आईंबद्दल. वरण-भात कालवून देण्यामागे माया आहे, आणि आजारी माणसाला गुरगुट्या भात द्यायचा ही आपली रीत आहे. म्हणून त्यांना "चुकलं" म्हणू नका. त्यांना एवढंच सांगा की भात जाऊ दे, त्या वाटीत नुसतं वरण दे, आणि ते इतकं घट्ट कर की चमचा उपडा केला तरी पटकन ओघळू नये. सालीशिवायची मुगाची डाळ तीस ग्रॅम घ्या. पहिले काही आठवडे ओट्यावर छोटा डिजिटल वजनकाटा ठेवाच, अंदाज फार फसवे असतात. डाळ तासभर भिजवून ते पाणी फेका. नवीन पाऊण वाटी पाणी, हिंग, हळद, आल्याचा तुकडा घालून कुकरला मऊ शिजवा, रवीने घोटा, वरून जिरं-तुपाची चमचाभर फोडणी. शंभर मिलिलिटरच्या आसपास होईल आणि त्यात सात ग्रॅम प्रथिनं असतील. तेच वरण घरच्या सगळ्यांसाठी मोठ्या पातेल्यात पातळ केलं, तर एवढ्याच वाटीत दोन-तीन ग्रॅम उरतात.

ते खायचं कसं, हेही महत्त्वाचं आहे. लहान मुलाचा चमचा घ्या. एक घास तोंडात, चमचा खाली, घास पार पातळ होईपर्यंत चावायचा, गिळला की थोडं थांबून पुढचा. अर्ध्या वाटीला वीस-पंचवीस मिनिटं लागली पाहिजेत. उचकी, अचानक शिंक, नाकातून पाणी, छातीच्या मधोमध दाटल्यासारखं वाटणं, यांपैकी काहीही झालं की जेवण तिथेच संपलं, वाटीत दोन चमचे उरले असले तरी. घास अडकला तर तोंडाला फेसाळ लाळ सुटते. त्यावर पाणी पिऊन घास खाली ढकलायला जाऊ नका, त्याने उलटी होते. उठून चार पावलं चालायचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. बाकी वेळात घोट घोट करत दिवसभरात दीड ते दोन लिटर. हे पाण्याचं गणित अनेकांना डाळीपेक्षाही अवघड जातं.

आता दिवसभराची मांडणी सांगते. हा आकडेवारीचा नमुना आहे, पदार्थ तुम्ही बदलू शकता. सकाळी सात वाजता दोनशे मिलिलिटर साय काढलेल्या दुधात प्रोटीन पावडरचा एक स्कूप, तासभर घोट घोट. बहुतेक पावडरींच्या एका स्कूपमध्ये 24 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि दुधाची सात, म्हणजे 31. साडेनऊ वाजता तीस ग्रॅम मूग डाळीचं लहानसं मऊ धिरडं, सात ग्रॅम. साडेबाराला घट्ट वरण थोडं कमी आणि त्यात किसलेलं तीस ग्रॅम ताजं पनीर, मिळून दहा-अकरा. चार वाजता शंभर ग्रॅम टांगलेलं दही, जिरेपूड घालून, सात-आठ. साडेसातला पंधरा ग्रॅम सोयाचा चुरा दुधी-टोमॅटोच्या रश्श्यात अगदी मऊ शिजवून, सात ग्रॅमच्या वर. आठ-साडेआठला दीडशे मिलिलिटर दूध, पाच ग्रॅम. बेरीज 70 च्या आसपास जाते. पावडर काढून टाका आणि पुन्हा बेरीज करा: 45 च्या आसपास. म्हणून शाकाहारी माणसाला पहिले चार-सहा महिने पावडर हवीच असं मी स्पष्ट सांगते. दूध पचत नसेल, पोट गुडगुडत असेल, तर व्हे (दुधाच्या निवळीतली प्रथिनं) आयसोलेट घ्या, त्यात दुधातली साखर फार कमी असते. डब्याच्या मागचा तक्ता मात्र वाचा. "हेल्थ ड्रिंक" म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक डब्यांत साखरच जास्त असते. नाचणी सत्त्वाचंही तसंच आहे. नाचणीत कॅल्शियम चांगलं, पण प्रथिनं शंभर ग्रॅमला सातच. लोक नाचणीची लापशी "ताकदीसाठी" म्हणून वाटीभर देतात आणि डाळीची जागा त्यातच संपते.

सोयाबीनबद्दल पुणेकरांच्या मनात अजून अढी आहे, वास येतो म्हणून. खरं तर आपल्या शहरातल्याच आघारकर संशोधन संस्थेने सोयाबीनचे एकाहून एक चांगले वाण शेतकऱ्यांना दिले आहेत. महाराष्ट्रात शेतं भरून सोयाबीन पिकतं आणि आपण त्याचं तेल काढून मोकळे होतो. वडीचा चुरा गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून दोनदा पिळून काढा, वास जातो. अख्खी वडी नको, ती स्पंजसारखी असते आणि अडकते. वडिलांना थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि सोयात चार तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडच्या गोळीपासून लोह आणि कॅल्शियमही तितकंच लांब ठेवा.

कडधान्यं कधी, असं तुम्ही पुढे विचारालच. दीड-दोन महिन्यांनी मोड आलेले मूग आणि मटकी शिजवून, मॅश करून, शक्यतो सालं गाळून. हुलग्याचं माडगं ही आपल्याकडची फार चांगली चीज आहे: पातळसर, गरम, पिठाचं असल्यामुळे सालीचा त्रास नाही आणि हुलग्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या वर. फक्त ते घट्टसर करा आणि गूळ घालू नका. चवळी, मसूर त्यानंतर. हरभरा, राजमा, वाटाणा तीन महिन्यांच्या आत नकोत. रात्रभर भिजवणं, भिजवलेलं पाणी फेकणं, मोड आणणं, आंबवणं या आजीच्या सगळ्या सवयी इथे दुहेरी कामाला येतात. गॅस कमी होतो, आणि डाळी-धान्यांतल्या फायटेट नावाच्या घटकामुळे अडून राहणारं लोह आणि जस्त जरा मोकळं होतं. वर लिंबू पिळलं की लोहाला आणखी मदत. पोळीची घाई करू नका. गव्हाची मऊ पोळी चावली तरी लगदा होऊन बसते, बऱ्याच जणांना तीच अडकते. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी दाट आमटीत कुस्करून दोन घास, तेही प्रथिनांचा पदार्थ संपल्यावर पोटात जागा उरली तर.

आता गोळ्यांकडे येते. वडिलांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी बी-12 जीवनसत्त्वाची आहे. कारण एक नाही, चार आहेत आणि चारही एकाच माणसाच्या अंगावर आलेत. जन्मभराचा शाकाहार हे पहिलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे आणि परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-12 कमी आढळलं होतं. म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातानाच आपला पुणेकर शाकाहारी माणूस बहुधा रिकाम्या कोठारानिशी जातो. दुसरं, मधुमेह पंधरा वर्षांचा आहे म्हणजे मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असणार, आणि दीर्घकाळ घेतल्यास ते बी-12 कमी करतं. तिसरं, शस्त्रक्रियेनंतर काही महिने ॲसिड कमी करणारी गोळी देतात. अन्नातलं बी-12 सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. चौथी बायपास स्वतः. बी-12 शोषलं जायला जठराच्या भिंतीतून स्रवणारा एक घटक त्याला चिकटावा लागतो. अन्न आता त्या मोठ्या जठरातून जातच नाही.

याची कमतरता सावकाश येते. आधी तळपायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, जीभ लाल आणि गुळगुळीत, विसरभोळेपणा. मधुमेही माणसाच्या पायाला मुंग्या आल्या की घरचे म्हणतात "शुगरमुळे असेल", आणि महिने जातात. माझ्याकडे तळेगावहून येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं अगदी हेच झालं. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी वजन छान उतरलं, शुगर ताब्यात, म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. चप्पल पायातून निसटलेली कळेना तेव्हा तपासणी झाली. इंजेक्शनं सुरू केल्यावर तोल सावरला, पण पायांचा बधिरपणा पूर्ण गेला नाही. मज्जातंतूंचं नुकसान फार दिवस राहिलं तर ते परत भरून येईलच असं नसतं. शिवाय फक्त फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्तातला ॲनिमिया झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

उपाय सोपा आहे: रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅमची गोळी, नाहीतर महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, आयुष्यभर. शरीराची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम असताना एवढा डोस कशाला, असं लोक विचारतात. जठराच्या मदतीशिवाय गोळीतलं सुमारे एक टक्काच आपसूक आत झिरपतं, म्हणून. वडिलांना हेही सांगा की औषधातलं बी-12 जिवाणूंच्या किण्वनातून तयार करतात, त्यात मांस नाही. मात्र कॅप्सूलचं कवच पाहा. मऊ पारदर्शक कॅप्सूल बहुधा जिलेटिनच्या असतात, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. माळकरी माणसाला हे नंतर कुठून तरी कळतं आणि तो सगळ्याच गोळ्या सोडून देतो, असं मी पाहिलंय. म्हणून आधीच केमिस्टकडे शाकाहारी कवचाची कॅप्सूल, नाहीतर साधी किंवा चघळायची गोळी मागा. ड जीवनसत्त्वाचं डी-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून येतं. वडिलांना ते चालेल का, ते त्यांनाच विचारा. नको असेल तर दगडफुलासारख्या लायकेनपासून बनवलेलं डी-3 मिळतं. डी-3 चा डोस साधारण रोज 3000 युनिट असतो, रक्ताच्या रिपोर्टवर कमी-जास्त होतो.

कॅल्शियममध्ये लोक हमखास फसतात. दुकानात स्वस्त मिळतं ते कॅल्शियम कार्बोनेट, त्याला विरघळायला आम्ल लागतं. वडिलांना सायट्रेट हवं. आणि पाकिटावर "कॅल्शियम सायट्रेट 1000 मिग्रॅ" असं छापलेलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम साधारण 210 मिग्रॅच असतं. दिवसाला जेवणखाण आणि गोळ्या मिळून 1200 ते 1500 मिग्रॅ प्रत्यक्ष कॅल्शियम गाठायचं आहे, आणि शरीर एका वेळी 500-600 च्या वर नीट घेत नाही. म्हणून ते दोन-तीन वेळा वाटून घ्यायचं. लोह ज्या भागात शोषलं जातं तो आतड्याचा सुरुवातीचा भागच बायपासमध्ये वगळला जातो, म्हणून लोहही रोज लागतं. पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि बायपास झालेल्यांना 45 ते 60 मिग्रॅपर्यंत देतात. वडिलांचा डोस हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) पाहून डॉक्टर ठरवतील. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या वाटेत येतात, दोन तासांचं अंतर हवं. चहा लोहाच्या तासभर आगे-मागे नको. वेळापत्रक असं बसवा: सकाळी न्याहारीनंतर मल्टिव्हिटॅमिन, साडेअकराला कॅल्शियम, चारला कॅल्शियम, आठला दुधाच्या आसपास तिसरं, आणि झोपताना लोह. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवा. जस्त, तांबं, फॉलिक ॲसिड चांगल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतंच, वेगळं जस्त स्वतःच्या मनाने सुरू करू नका, त्याने तांबं कमी होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील. घाबरू नका, प्रथिनं आणि लोह नीट असेल तर परत येतात.

एक मात्र तातडीची खूण लक्षात ठेवा. दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील आणि काहीच पोटात राहत नसेल, तर बी-1 म्हणजे थायमिन झपाट्याने संपतं. त्याचा साठा शरीरात काही आठवड्यांचाच असतो. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, चालताना झोकांड्या, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं की घरी थांबायचं नाही. कुठल्याही दवाखान्यात नेलंत तरी सांगा, "बायपास झाली आहे, ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्या." थायमिन नसताना ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

भावाला माझा निरोप द्या. प्राण्यांबद्दलची त्याची भावना मला कळते, आणि शस्त्रक्रियेनंतर व्हीगन राहता येत नाही असंही नाही. राहणारी माणसं माझ्याकडे आहेत. पण तो निर्णय ज्याच्या पोटाचा आहे त्याने घ्यायचा, आणि सहाव्या आठवड्यात नाही. वर दिलेल्या दिवसातून दूध, दही, पनीर, व्हे काढा. सोया आणि मूगडाळ वगळता सगळा आधारच जातो. बदामाच्या दुधात शंभर मिलिलिटरला एखादा ग्रॅम प्रथिनं, नारळाच्या दुधातही फार थोडी. गाईच्या दुधाच्या बरोबरीला येतं ते फक्त सोयाचं दूध, तेही बिनसाखरेचं आणि कॅल्शियम घातलेलं. स्वतः व्हीगन असलेल्या माणसाची शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर मी दोन महिने आधीपासून सोया किंवा वाटाण्याच्या प्रथिनांची पावडर चालवून बघते, कारण तिची चव आणि दाटपणा सगळ्यांना झेपत नाही. शस्त्रक्रियेनंतर टोफू कुस्करून, सोयाचा चुरा, मुगाचं धिरडं, बेसनाचं मऊ पिठलं. आयोडीनयुक्त मीठच वापरायचं, गुलाबी मिठाचा नाद नको. जवस भाजून पूड करून चमचाभर. स्पिरुलिनावर (शेवाळाच्या पुडीवर) बी-12 साठी विसंबू नका, त्यातलं बी-12 माणसाला उपयोगी पडत नाही. खरेदी करताना 2022 च्या नियमांनुसार आलेलं व्हीगनचं हिरवं चिन्ह बघा, कारण हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात दूध असू शकतं. वडिलांना एक वर्षाने, रिपोर्ट चांगले असताना स्वतःहून वाटलं, तर जरूर बोलू.

आता एकादशी. पहिले सहा महिने निर्जळी नाही, यावर माझी तडजोड नाही. इवल्याशा पिशवीत पाण्याचा अनुशेष एका दिवसात भरून निघत नाही. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी साखर धोकादायक खाली जाते. बायपासनंतर या औषधांचे डोस तसेही झपाट्याने कमी करावे लागतात, ते झालेत का हे मधुमेहाच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. फराळ करून एकादशी मात्र धरता येईल. साबुदाणा सोडा, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे आणि चिकट असल्याने अडकतो. दूध, टांगलेलं दही, किसलेलं पनीर, राजगिऱ्याच्या पिठाची ताकातली लापशी, दाण्याची आमटी पाव वाटी. दाण्याचं कूट बारीक हवं आणि बेताचं, त्यात तेल खूप. व्हे ही दुधाचीच असते, म्हणून अनेक घरांत ती उपासाला चालते. तुमच्याकडे काय चालतं ते वडील ठरवतील. कीर्तनानंतरचा शिरा किंवा पेढा कणभर जिभेवर ठेवायचा. चमचाभर गोड पोटात गेलं तर पंधरा-वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो आणि माणूस तिथेच आडवा होतो. मंडळींना वाटतं हार्टचं काहीतरी झालं.

वारीपर्यंत सात-आठ महिने होतील. तब्येत, रिपोर्ट आणि सर्जनची परवानगी असेल तर चालत जाणं शक्य आहे, आणि वडिलांसमोर ते ध्येय असणं मला आवडतं. आतापासून रोज चालणं, आणि तिसऱ्या महिन्यापासून खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम, म्हणजे मांड्यांचा स्नायू टिकेल. माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, मध्ये दिवे घाट, आणि बहुतेक वर्षी नेमकी त्याच दिवशी एकादशी असते. त्या दिवशी त्यांनी उपासाचा फराळ दर दोन तासांनी थोडा थोडा घ्यायचा आणि ओआरएसची बाटली हातात ठेवायची. साखर-मीठ घरी अंदाजाने कालवू नका, जास्त गोड झालं की तोच त्रास. बाकी दिवशी दिंडीतलं पिठलं-भाकरी त्यांना उत्तम मानवेल. पिठलं आधी, भाकरी नंतर. पावडरच्या एकेका वेळेच्या पुड्या बांधून द्या, गोळ्यांचा आठवड्याचा डबा पिशवीत आणि एक जादा डबा दिंडीच्या ट्रकमध्ये.

वारीतलीच आणखी एक गोष्ट, जी घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. गुडघे दुखले की वाटेतल्या वैद्यकीय तंबूत डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन सहज मिळतं. बायपास झालेल्या माणसाने या गोळ्या घ्यायच्या नाहीत, जठर-आतड्याच्या जोडावर अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. त्यांना पॅरासिटामॉल चालेल. एका कार्डावर मोठ्या अक्षरात शस्त्रक्रियेचं नाव, तारीख, "वेदनाशामक गोळ्या: फक्त पॅरासिटामॉल" आणि तुमचा फोन लिहून, प्लास्टिकमध्ये घालून खिशात द्या.

रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दर वर्षी: हिमोग्राम, फेरिटिन, बी-12, फॉलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). सहाव्या महिन्याची तपासणी ज्येष्ठाच्या आत येईल असं बघा, म्हणजे काही कमी निघालं तर आळंदीहून निघण्याआधी भरून काढायला वेळ मिळेल. पहिल्या तपासणीला येताना वडिलांनी सलग तीन दिवस काय आणि किती ग्रॅम खाल्लं याची वही आणा, आणि शक्य असेल तर आईंना सोबत आणा. स्वयंपाक त्याच करतात, तेव्हा डाळीचं माप त्यांच्याशी बोलूनच ठरवू.